भांडेवाडी, रात्रपाळी

शहर निजलं की शहराचं पाणी येतं.
आधी वास, मग आवाज,
मग जाळीला अडकलेलं एकेक:
चप्पल, गजरा, कंपासपेटीचं झाकण,
संत्र्याच्या साली. हिवाळ्यात तर इतक्या
की ताराचंद हेडाऊ फावड्यानं ओढता ओढता म्हणतो,
"खाते गांधीबाग, निस्तरतो मी."

मी वही भरतो.
दर तासाला एक बाटली, नंबर, वेळ, गढूळपणा.
कुठून आलं, याला वहीत रकाना नाही.
तर्रीच्या पातेल्याचं असेल,
मेडिकलच्या वॉर्डातल्या फरशीचं,
किंवा कुणी नळ मोठा सोडून रडलं, त्याचं.

माझे बाबा गोळीबार चौकात सूत रंगवायचे.
सोमवारी लाल, गुरुवारी निळं,
मधले वार मालकाच्या मर्जीचे.
उरलेला रंग मोरीत उपडा करून म्हणायचे,
"जाय, नागनदीले नेसव."
नदी आमच्या घरचं नेसायची
आणि आम्ही नाक दाबून पूल ओलांडायचो.

माग गेले भंगारात, किलोच्या भावानं.
नखं तेवढी निळी राहिली, शेवटपर्यंत.
त्यांना शेवटची आंघोळ घातली
तेव्हा मोरीकडे जाणारं पाणी मी बघत राहिलो.
त्याचा रस्ता मला पाठ होता.
त्या रात्री मला सुटी होती.
पहाटे तीनची बाटली दुसऱ्याच कुणी भरली.

टाकीत जंतू राबतात, पगार मागत नाहीत.
त्यांना फक्त हवा लागते, ती मी सोडतो.
सकाळपर्यंत पाण्याचा रंग उतरतो.
प्यायचं नाही,
पण चार लोकांत तोंड दाखवण्याजोगं होतं.
मग पाइपातून कोराडीला,
वीजघराच्या तापल्या अंगावर.
पाण्याची वाफ होते. तारेतून जे यायचं ते येतं.

संध्याकाळी पोरगी बल्बखाली अपूर्णांक सोडवते.
मी पाटावर, भाकरीचा दुसरा चतकोर हातात,
आणि लाइट जाते.
"पप्पा, तुमच्या पाण्यानं दांडी मारली!"
अंधारात बायकोचं हसू आधी ऐकू येतं,
मग माझं.

चाचपडत मोरीशी जातो, हात धुतो.
खाली कुठंतरी गुळगुळ होते.
"चाल समोर," मी म्हणतो,
"येतोच डबा घेऊन."