थोडं डावीकडे

द्रुपदाबाई हेडाऊंबद्दल विचारायला आलात,
तर आधी चहा घ्या आणि वही मिटा.
मी त्यांचा कोणी नव्हे.
मी आरसा धरायचो.

आरसा कसला,
कामठीच्या छावणीतल्या चहाच्या खोक्यांची चंदेरी वर्खी
दाराच्या फळीला खळीनं चिकटवलेली.
अंबाझरीच्या काठावर, उजाडता उजाडता,
कारण वैशाखात दहानंतर
कॅमेऱ्याला हात लावला तर फोड यायचा.
"थोडं डावीकडे, पोट्ट्या."
तीन चित्रांत माझ्याशी त्या बोलल्या त्या एवढंच.

बाप मागावर. नवऱ्याचा तंबूचा सिनेमा,
या जत्रेतून त्या जत्रेत. तो पटकीत गेला.
फिल्म तुटली की तंबूत शिट्ट्या, शिव्या.
त्या कंदिलाशी बसून टोकाला टोक जोडायच्या,
सूत तुटल्यावर कोष्ट्याच्या पोरी जोडतात तसं,
न बघता.
एका रात्री जोडता जोडता म्हणाल्या,
हे इथं नाही, जरा आधी तुटायला पाहिजे होतं.
आणि कात्री मागितली.

बायका मिळेनात.
गणपा न्हावी लुगडं नेसून हजर, मिशीसुद्धा काढून.
मिशीचे चार आणे देऊन त्याला परत धाडला.
मग तीन दिवस मिलच्या भोंग्याखाली उभ्या.
चौथ्या दिवशी रात्रपाळीची फुलवंता आली,
केसांत कापूस तसाच.
यंत्राकडे पाहायचं नाही, हे तिला समजेचना.
खोत छायाकार कावला, रीळ वाया चाललं म्हणे.
बाई म्हणाल्या, पाहू दे.
काऊन नाही पाहायचं तिनं?

सीताबर्डीत पडद्यावर तो चेहरा
बारा हात उंच, पापणी न लवता.
पुढच्या बाकांवरचे आपल्या चपला बघू लागले.
पेटीवाल्याचा हात थांबला.
मी आयुष्यात पुष्कळ आवाज ऐकले,
ती शांतता मात्र अजून कानात आहे.

दिग्दर्शक म्हणून नाव शेटजींचं होतं.
पाट्या बाईच लिहायच्या, वळणदार अक्षर.
ते नावही त्यांनीच लिहिलं,
काना-मात्रा नीट, शाई कुठे फुटलेली नाही.

मग बोलपट आले. शेटजींना गाणी हवी झाली.
तिन्ही चित्रं इतवारीत नेली,
सोड्याच्या कढत पाण्यात खंगाळली.
चांदी निघाली नऊ तोळे.
बाई तिथेच उभ्या होत्या. सराफाला म्हणाल्या,
काटा सरळ धर, बाप्पा.
जोडवी झाली असतील कुणाकुणाची.

एक पट्टी मी मागून घेतली होती.
ही.
काही नाही हो तिच्यात,
कडेची भोकं तेवढी.
खिडकीशी धरून बघा, हवं तर.
असं नाही. थोडं डावीकडे.

हां. आता ऊन माझ्या डोळ्यांत येतंय.