बिटाचा रस

मिस्टर पेल्कोनेन,
तुमचं घर घेऊन चार महिने झाले
आणि तुमचा कमोड अजून एक रात्र झोपलेला नाही.

दर वीस मिनिटांनी
कुणी न ओढलेला फ्लश घसा खाकरतो,
मग टाकी भरेपर्यंत लांबलचक सुस्कारा.
मी उठते. दांडी हलवते. गप्प होतो.
पांघरुणात पाय जरा उबले न उबले
तोच पुन्हा.

शेजारच्या मिसेस ओल्शेव्स्की म्हणतात,
थंडर बेमध्ये राहून पाण्याची कसली चिंता,
समोर अख्खं सुपीरियर पसरलंय,
पलीकडचा काठ कुणाच्या बापाने पाहिलाय?
खरंय.
पण बिल सरोवर पाठवत नाही, पालिका पाठवते.

हार्डवेअरवाला लॉर्न म्हणाला,
टाकीत खायचा रंग टाक, अर्धा तास थांब,
भांड्यात उतरला तर झडप गेली समज.
आता खायचा रंग कुठून आणू?
तळघरात तुमच्या बायकोच्या हातची
बिटाची बरणी होती, झाकणावर २००९.
तिचा रस ओतला.

बाहेर उणे एकतीस. टबाच्या काठावर मी,
लॅबचा निळा गणवेश अजून अंगातच.
आणि मग पांढऱ्याशुभ्र भांड्यात
एक गुलाबी धागा उतरू लागला,
अगदी सावकाश, लाजल्यासारखा.
दिवसभर लोकांची रक्तं काढते मी.
शीर सापडली की कसं वाटतं, मला विचारा.

कोपरापर्यंत हात घातला.
पाणी इतकं गार की बोटं दुसऱ्याची वाटली.
साखळीच्या जागी मासेमारीची दोरी,
पितळेची गिरकी,
आणि तुमची गाठ: पाच वेढे, टोक आत खोवलेलं,
ओढाल तितकी आवळणारी.
झडपेचं रबर हाताला काळं फासत होतं,
त्यावर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ,
ठिगळावर ठिगळ.
टाकीच्या झाकणाखाली पेन्सिलीने
८८, ९५, ०१, ०१, ०७.

०१ मध्ये दोनदा का?
त्या वर्षी काय बिघडलं होतं एवढं?

नवी झडप बारा डॉलरची, लाल,
सोबत चकचकीत साखळी.
पण तुमची गाठ सुटेना.
कापवेना असं म्हणायला मी काही हळवी नाही,
कात्री वरच्या मजल्यावर होती.
म्हणून तुमच्याच दोरीला माझी झडप अडकवली,
आणि साखळी पडली आहे खिडकीत, साबणाशेजारी.

पेन्सिल मिळाली नाही. भुवयांच्या पेन्सिलीने
०७ च्या खाली आजची तारीख टाकली.
अक्षर तुमच्यापेक्षा वाईट आलं.

आता पहाटेचे चार.
फ्रिजची घरघर पहिल्यांदाच कळतेय,
जिन्यातली तिसरी पायरी आपली आपणच करकरते.
तुमच्या त्या वृद्धाश्रमात
झोप लागते का हो, असल्या शांततेत?

वीस मिनिटं झाली.
एकवीस.