लेव्हल तेवीस

शाल्मली अ‍ॅबर्डीनला गेली तेव्हा
उशी नेली, इस्त्री नेली, लोणच्याची बरणी नेली;
टीव्हीखालचा काळा डबा तेवढा ठेवून गेली.
म्हणाली, खेळ गं कधीतरी, धूळ बसू देऊ नकोस.
दोन महिने मी नुसती धूळच पुसली.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी
चष्म्याच्या दुकानाचं शटर ओढून,
हंबरवरचा वारा उंबऱ्याबाहेर झटकून,
मी पाऊण तास तलवार चालवते.

पाऊण तासच. त्यातली
पंधरा मिनिटं अपडेट खातं,
दहा मिनिटं हे आठवण्यात जातात
की ढाल कुठल्या बटणाला आणि उडी कुठल्या.
उरलेल्या वीस मिनिटांत
जगाचा जेवढा उद्धार होईल तेवढा होतो.

दुकानातला कॉनर, वय एकोणीस, लेव्हल शंभर.
जेवणाच्या सुट्टीत, सँडविचच्या कागदावर पेनाने काढून
मला दाखवतो माझं कुठे चुकलं:
अर्धे गुण आगीत घातलेस, अर्धे बर्फात,
आता ना धड जाळता येणार, ना गोठवता.
मी म्हणते, असू दे. कोमटलाही काही किंमत असते.
हे त्याला समजेल अशा इंग्रजीत सांगेपर्यंत
सुट्टी संपते.

पिशवीत सतरा गंजके टोप आहेत.
विकवत नाहीत. न जाणो.
(फडताळात आइस्क्रीमचे रिकामे डबे आहेत,
त्यांच्याबद्दल कुणी बोलू नये.)

दलदलीतल्या गावात एक लोहार आहे,
गेलं की दर वेळी तेच वाक्य.
मनातल्या मनात मी त्याचं मराठी करते:
आलीस होय? आम्ही म्हटलं, गेलीस.
शाल्मली फोनवर हसते. आई, अजून त्याच गावात?
नकाशावर ठिकाण निवड, क्षणात पोचशील.
माहीत आहे मला.
पण चालत गेलं की पुलाखाली पाणी वाजतं,
आणि तिथे एक बेडूक आहे, कामाचा नसलेला.

गेल्या मंगळवारी स्मशानाच्या फाटकाशी
हाडांची फौज अंगावर आली, आणि आत
कुकरची तिसरी शिट्टी.
हा खेळ थांबत नाही. थांबवायचं बटणच नाही,
मी पुष्कळ शोधलंय.
तूरडाळ की लेव्हल तेवीस,
यात विचार कसला करायचा, उठले.
गॅस बंद केला तर दारात शेजारची मॉरीन,
उद्या कुठला डबा बाहेर ठेवायचा, निळा की तपकिरी,
आणि मग तिचा गुडघा, आणि गुडघ्याचा डॉक्टर.

परत आले ती स्वतःचं मढं बघायच्या तयारीने.
उभी होते.
भोवती हाडांचा ढीग, गुडघाभर,
आणि माझ्याभोवती फेऱ्या घालत कुणीतरी,
सोन्याचं चिलखत, पाठीला जळते पंख,
नाव म्हणजे सगळी व्यंजनं आणि शेवटी चार आकडे.
कुकरची वाफ पुरती जिरली होती,
एवढा वेळ.

आभार कसे मानायचे माहीत नव्हतं.
नमस्काराचं म्हणून जे बटण दाबलं
त्याने मी उडी मारली.
त्यानेही मारली.
दुसरं दाबलं, तर त्याच्या छातीवर माझा आगीचा गोळा,
कोमट.
तो जरा थांबला, आणि मग निघून गेला
शंभराच्या लेव्हलवाले जातात तिकडे.

कॉनरला सांगितलं.
एका ग्राहकाची फ्रेम वाकवून बघत तो म्हणाला,
त्याला काय मिळालं असेल? तुझ्या लेव्हलच्या हाडांत
काहीच निघत नाही.
तेच तर, मी म्हटलं. मराठीत.

आज शुक्रवार. डाळ सकाळीच करून ठेवलीय.
लोहार वाट बघत नसेल, त्याला ते येत नाही
एवढं मलाही कळतं.
तरी अंगातला कोट न काढता बसलेय,
पडद्यावर निळी रेघ सरकतेय,
एकोणचाळीस टक्के.