चिंचेखालचे सूर्य

बावीस हिवाळे मी प्रधानजी होतो.
वडशाची कंपनी, धानाच्या बांधीत मंडप,
तिसऱ्या अंकात राजाच्या प्रेतापाशी
माझं साडेनऊ मिनिटांचं भाषण.
पहाटेचे तीन, थंडीनं जबडा आखडलेला,
तरी एक शब्द कधी खाल्ला नाही.

त्याच नाटकाचा सिनेमा
झनकलालच्या पोरानं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला.
राजवाडा नव्हताच. राईस मिल होती.
मुकुटाच्या जागी चाव्यांचा जुडगा,
राणी स्कुटीवर, आणि प्रधान
म्हणजे एक हमालीण,
भुवयांवर कोंड्याची धूळ.

मी माझ्या भाषणाची वाट पाहत बसलो.
मालक पोत्यांवर आडवा.
ती आली. त्याच्याकडे बघितलं.
मग मिलचा खटका खाली ओढला.
पट्टा फिरत फिरत थांबला.
भिंतीवर नुसता उडता कोंडा
आणि मागं बांधीतले आमचे रातकिडे.

"तुमचं भाषन तं कापलं जी," हिवराज म्हणाला.
"कापलं कायचं, बावा?
तिनं पूर्ण म्हटलं."
घरी पोचलो तरी हसतच होतो.
नात म्हणाली, आबा, ही चप्पल कोणाची?

दुपारी वाचनालयात मी ग्रहणांवरचे लेख वाचतो.
कुणीतरी सुतळीनं बांधून ठेवलेला गठ्ठा,
मुखपृष्ठं उंदरांनी नेलेली.
लिहिणारे सूर्याचं फार सांगतच नाहीत.
एकाच्या गाई भरदुपारी गोठ्याकडे निघाल्या
आणि अर्ध्या वाटेत ओशाळल्या.
एकीला गर्भार म्हणून सासूनं कोंडलेलं,
तर कवेलूच्या फटीतून सारवल्या भुईवर
एक कोर उतरली,
तिनं तिच्यावर तळहात ठेवला.
पुढच्या दोन ओळी कसरीनं खाल्ल्यात.
त्या मी माझ्या मनानं भरतो,
दर वेळी निराळ्या.

आम्ही पाहिलं ते सोनाबाईच्या एक्स-रेतून.
मोडक्या बरगडीआडचा सूर्य,
अख्खं गाव पाळीपाळीनं.
मी मूर्ख, वरच बघत राहिलो.
खाली चिंचेच्या सावलीत
पानापानाच्या फटीतून
शेकडो सूर्य धुळीत सांडले असणार,
एकेक वरच्याइतकाच उष्टा,
आणि कोंबड्या त्यांना टोचून बघत असणार.
इतक्या वर्षांनी, एका लेखाच्या तळटिपेत,
हे मला कळलं.

झनकलालचा पोरगा म्हणतो,
पुढच्या महिन्यात त्याच नाटकाचा आणखी एक आहे,
त्यात म्हणे राजा बाई,
अन् प्रधान जन्माचा मुका.

मी सतरंजी आत्ताच धुऊन वाळत घातली.