अक्षर लागणं

बावीस वर्षं झाली, मेडिकल चौकात
काउंटरच्या आत उभा आहे.
डॉक्टरांचं अक्षर मला लागतं.
ज्याचा 'टी' कूलरच्या ताटीतून निसटलेल्या
वाळ्याच्या काडीसारखा,
ज्याची शेवटची चार अक्षरं म्हणजे नुसती एक रेघ,
पेन उचलायला वेळ नसल्यासारखी,
त्याचंही लागतं.
मालक म्हणतात, "फाल्गुनले दाखवा, तो सांगते."

आता पंचेचाळिसाव्या वर्षी
हनुमाननगरात टायरच्या दुकानावर
इंग्रजीच्या क्लासला जातो, रात्री साडेआठला.
गेडाम मॅडम फळ्यावर क्रियापदं लिहितात:
डिसायफर. मेक आउट. फिगर आउट. ग्रास्प.
मी वहीत उतरवतो, मनात म्हणतो,
म्हणजे दिवसभर मी हे करतो होय.
आमच्याकडे याला लागणं म्हणतात, मॅडम.
जशी तहान लागते,
उंबऱ्याची ठेच लागते,
मे महिन्यात ऊन लागतं नि माणूस आडवा होतो,
तसं अक्षर लागतं.
आपल्याला काही करावं लागत नाही.

'फॅदम'ला मॅडमनी दोन्ही हात पसरले.
समुद्राची खोली अशी मोजायचे,
या बोटापासून त्या बोटापर्यंत.
मागच्या बाकावरून पराते ओरडला, "म्हणजे वाव!"
त्याचा बाप विहिरीचा दोर वावेनं मोजायचा.
समुद्र आमच्यात कोणी पाहिलेला नाही.

मग नियम आला.
समजण्याला आयएनजी जोडायचं नाही.
'आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग' चूक.
एकदा समजलं की समजलं.
वर्ग गप्प.
आम्ही जेवून राहिलो, येऊन राहिलो,
उकाड्यानं मरून राहिलो म्हणणारी माणसं,
आमचं समजणंही चालूच असतं.
"समजून राहिले का?"
मॅडमनीच विचारलं, आणि जीभ चावली.

मंगळवारी दुपारी सालेकशाकडची बाई आली.
तीन महिन्यांपासून येते, नवरा वॉर्डात.
"का लिवलन जी भाऊ यात?"
एरवी चिठ्ठीवर पाच-सहा औषधं.
आज एकच. दुखण्याचं.
खाली दोन शब्द, टेक होम,
त्या डॉक्टरच्या मानानं फारच सुवाच्य,
एकेक अक्षर सुटं,
शाळेतल्या पोरानं काढल्यासारखं.
मी म्हणालो, "अक्षर लागत नाही."
बावीस वर्षांत पहिल्यांदा.

ती चिठ्ठीकडे पाहत नव्हतीच.
"तुमाले लागला जी," ती म्हणाली.
"मालेबी लागला."

पाकिटावर मी सूर्य काढून दिला, चंद्र काढून दिला,
सकाळची गोळी, रात्रीची गोळी.
तीन पट्ट्या ठेवल्या.
तिनं पदराची गाठ सोडली, नोटा मोजल्या,
एक पट्टी काचेवरून माझ्याकडे सरकवली.
"इतके कायले जी."

होमवर्क होता दहा वाक्यांचा.
नऊ बरोबर.
दहावं असं: शी इज अंडरस्टँडिंग माय फेस.
मॅडमनी आयएनजीभोवती लाल गोल केला,
मग तोच गोल खोडला,
आणि बाजूला पेन्सिलीनं बारीक काहीतरी.
दुकानाच्या ट्यूबलाइटखाली,
दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात,
वही तिरपी करून पाहतो.
बाईंचं अक्षर डॉक्टरांहून वाईट.
'राहू द्या' असेल.
किंवा 'पाहू या'.
अजून लागून राहिलं.