वरचा मजला, आनंदवल्ली

पोलीस ठाण्यातला भाडेकरूंचा फॉर्म मीच भरून दिला:
झुराब, तेओना, साबा वय चार.
मूळ गावाच्या रकान्यात त्यांच्या गावाचं नाव मावेना.
हवालदार म्हणाला, ताई, जिल्हा तेवढा लिहा.

पहिले पंधरा दिवस वरून
फक्त खुर्च्या सरकल्याचे आवाज.
मग एकदा टाकी भरून वाहिली,
मी जिन्यातून ओरडले, मोटर! मोटर!
तर बाप गच्चीकडे पळाला, मागून पोरगं
बापालाच हाका मारत, मामा! मामा!

झालं.
दिवेलागणीपर्यंत बिल्डिंगभर,
मुलगा त्यांचा नाहीच, भाचा आहे.
कोठावदे वहिनींनी तर गवार मोडता मोडता
त्याच्या खऱ्या आईची अख्खी गोष्ट रचली.

तेओनानं उलगडून सांगितलं,
भिंतीवरचा फोटो, बोट, पुन्हा फोटो.
त्यांच्यात बापाला मामा म्हणतात.
आईला देदा.
भट्टीच्या भिंतीला थापून भाजतात ती पुरी.
आणि हो म्हणायचं तर, की.

ते की मला फार आवडलं.
जेवलीस? की.
सिलिंडर आला? की.
आपल्या आहे की, येते की मधलं
पुढचं सगळं गळून
नुसतं शेपूट उरावं तसं.

झुराब दिंडोरीकडच्या वायनरीत.
ऑक्टोबरात एका संध्याकाळी घरात न जाता
काळ्या मातीच्या बुटांनी पायरीवरच बसून राहिला.
तेओना म्हणाली, आमच्याकडे आत्ता द्राक्षं उतरवतात,
सगळं गाव टोपल्या घेऊन मळ्यात,
आणि हा इथे दिवसभर वेली बोडक्या करतो.
अगं, छाटणी ती, फेब्रुवारीत बघ, म्हटलं मी
मराठीतच.
की, म्हणाली.

मी अमरावतीकडच्या चांदूरहून इथे आले, नव्वद साली,
तेव्हा मी कावून म्हटलं की सासरचे हसून लोळायचे.
तो शब्द मग मी कुठेतरी डब्यातच ठेवून दिला.
दूध उतू गेलं, भाजी लागली, तर काढते,
ओट्याशी एकटी असताना.

आता तेओना बुधवारच्या बाजारात
मेथीची जुडी उलटी धरून झटकते
आणि भाव निम्म्यावर आणते.
तर्रीला मात्र अजून भिते.
रंगपंचमीला बिल्डिंगची पोरं झुराबला ओढत घेऊन गेली,
रहाडीत धप्पा मारायला.
कानाच्या पाळ्यांपर्यंत पिवळा होऊन तो वर आला,
काठावर सगळी पोरं, मामा! मामा!
आणि साबा भोकाड पसरून,
माझाय तो! तुमचा नाहीये!
मराठीतच रडला, हे रात्री लक्षात आलं.

काल वरून झाकलेली थाळी आली.
चीज भरलेली, गादीएवढी जाड,
एका बाजूनं करपलेली.
मी म्हटलं, ही पुरी?
एवढी जाड?

तेओना दारातच उभी, हाताला पीठ.
कावून? म्हणाली.

मी तिला हा शब्द कधीच शिकवला नव्हता.
दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या
एकाच डक्टमध्ये उघडतात.