जबाब

मी सुईत दोरा ओवत होते.
हे पहिलं वाक्य हवालदार खरमाटेंनी लिहून घेतलंच नाही.
म्हणाले, मावशी, सिग्नलचं सांगा.

सिग्नलचं सांगते.
माझ्या दुकानाच्या दारातून चर्चचा नाका दिसतो,
क्रूस दिसतो, त्याच्या पायाशी मेणबत्त्यांचा चिकटा,
आणि सिग्नलचा एकच दिवा, खालचा.
वरचे दोन बदामाच्या झाडाआड.
खालचा हिरवा. तो पेटलेला नव्हता. एवढं शपथेवर.
लाल होता की पिवळा
ते बदामाला विचारा.

मग आवाज. पत्र्याचा नाही, टाइल्सचा.
सायकलच्या कॅरियरवरचा खोका फुटला,
बाथरूमच्या पांढऱ्या टाइल्स रस्ताभर
आणि त्यांच्यात तो, एका पायात चप्पल,
दुसरा पाय भलतीकडे वळलेला.

ओस्वाल्ड मिस्किटा गाडीतून उतरला.
माझ्या लेकीचा गॉडफादर.
त्याचे हात कापत होते, हेही कुणी लिहिलं नाही.
म्हणाला, पिवळा होता.
म्हणाला, हा उलट्या बाजूनं आला.
तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी, बोली ऐका याची!
आणि त्यानंतर सिग्नल
सगळे विसरले.

नाव? मोफिजुल.
गाव? माल्दा.
खरं गाव?
माल्दा.
खरं, खरं गाव सांग.
आणि मला, मावशी, ओळखता याला?
गिऱ्हाइकं काय, म्हटलं, येतात, जातात.

रविवारी फादर ग्रेशस वेदीवरून म्हणाले,
योसेफ रात्रीतच उठला, बाळ घेतलं, बाळाची आई घेतली,
इजिप्तची वाट धरली.
त्याला सीमेवर कुणी कागद मागितला होता का?
माझ्या मागच्या बाकावर बर्था कुजबुजली,
हेरोद मेल्यावर परत गेला की तो.
तेही लिहिलंय.

मिस्सेनंतर आवारात चहा.
आंतोन तावातावानं, आपली भातशेती विमानतळात गेली,
गावठाणाचा नकाशा मागायला गेलो तर कचेरीत म्हणाले
असं गावच नाही.
आणि हे कालचे आलेले! कायदा म्हणजे कायदा.
फिलोमिनाची बशी हातातच राहिली.
हळूच बोलली, माझा ग्लेन टोरांटोला
व्हिसा संपल्यावर दोन वर्षं
हॉटेलच्या मागच्या खोलीत झोपायचा.
तुम्हीच सगळ्यांनी नऊ दिवस नोव्हेना केली.
त्या प्रार्थनेत हा शब्द नव्हता, आंतोन.
आंतोननं चहात बिस्कीट बुडवलं.
ते तुटलं, तळाला गेलं.

ओस्वाल्ड दोनदा येऊन गेला.
एस्पेरन्स, पिवळाच ना?
विम्याचं आहे गं, आणि केस उभी राहिली तर.
तो वाईट माणूस नाही.
त्यानं हॉस्पिटलात पाच हजार भरले, पावती न घेता.
पण त्याच रात्री मोफिजुल
प्लास्टर ओलं असताना वॉर्डातून निघून गेला,
की नेला. वॉर्डबॉय एक सांगतो, नर्स दुसरं.
पंचनाम्यात आता गाडी आहे, सायकल आहे,
रस्त्याची रुंदी आहे.
पडलेला माणूस नाही.

कन्फेशनला गेले.
फादर म्हणाले, बाई, जे दिसलं नाही
त्याचं पाप नसतं.
म्हटलं, फादर, आणि ओळखत नाही म्हटल्याचं?
जाळीपलीकडे पंखा फिरत राहिला.
मग म्हणाले, तीन वेळा नमो मारिया.
तीनच.

दुकानात खुंटीला एक पँट आहे, तपकिरी.
अपघाताच्या आदल्या दिवशी टाकली होती,
खालून दोन बोटं कमी करायला.
मापाला उभा राहिला तेव्हा विचारलं होतं,
टाच वर का करतोस? सरळ उभा राहा.
हसला होता. सवय आहे, दीदी, म्हणाला,
कुंपण असलं की माणूस उंच होतो.
कसलं कुंपण, ते मी विचारलं नाही.
तोंडात टाचण्या होत्या.

खरमाटे उद्या सहीला येणार आहेत.
दोन्ही पाय शिवून झालेत.
आता कळत नाही,
डावा उसवून ठेवावा का,
प्लास्टरसकट शिरेल एवढा.